इंजिनाला हात न लावता

2023 च्या जानेवारीत मी डेट्रॉईटजवळच्या रॉयल ओक नावाच्या गावात ऑनसाईट होतो. बाहेर ढीगभर बर्फ. वीकेंडला जाणार कुठे आणि करणार काय? घरी फोन, कुकरमध्ये खिचडी, आणि उरलेला वेळ खिडकीतून समोरच्या घराकडे बघत बसायचं. त्या घरात एक आजोबा राहायचे. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर कारखान्यात डाय बनवण्याचं काम केलेले. त्यांच्या गॅरेजचा दिवा रात्री अकरा-अकरापर्यंत चालू असायचा. एका शनिवारी त्यांनीच हात करून बोलावलं (बहुधा माझी दया आली असावी). आत गेलो तर समोर 1966 ची फोर्ड मस्टँग! चारही चाकं काढून स्टँडवर चढवलेली.

मी आपला भारावून विचारलं, "इंजिन कुठलं टाकताय?" आजोबा हसले. म्हणाले, "इंजिन आहे तेच राहणार. त्याला मी हात लावणार नाहीये." गाडीत 289 क्युबिक इंचांचं, म्हणजे आपल्या हिशेबात 4.7 लिटरचं व्ही-8 होतं, कारखान्यातून निघालं तेव्हा 200 हॉर्सपॉवरचं. ते तसंच. मग गेले तीन महिने चाललंय काय? तर ब्रेक, सस्पेन्शन आणि मागचा ॲक्सल.

खरं सांगतो, माझा थोडा हिरमोडच झाला. मसल कार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? धूर सोडणारी मागची चाकं आणि पोटात घुमणारा आवाज. ब्रेकचे शू बघायला कोण जातं? पण त्यानंतर पाच-सहा वीकेंड मी तिथे पाने-स्क्रूड्रायव्हर हातात देण्याचं काम केलं, घरी येऊन रात्री वाचत बसलो, आणि हळूहळू लक्षात आलं की अमेरिकन गाड्यांच्या त्या सोनेरी काळाचा खरा इतिहास गाडीच्या खाली दडलेला आहे.

सुरुवातीपासून सांगतो. मसल कारची सुरुवात बहुतेक लोक 1964 च्या पॉन्टिॲक जीटीओपासून धरतात. कल्पना एकदम सोपी. मध्यम आकाराची, साधी घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत 330 क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जॉन डिलोरियन आणि त्याच्या माणसांनी पळवाट काढली. जीटीओ ही वेगळी गाडी नाहीच, टेम्पेस्ट या जुन्या गाडीवरचं ते एक 'ऑप्शन पॅकेज' आहे, असं कागदावर दाखवलं आणि 389 क्युबिक इंचांचं इंजिन आत सरकवलं. 325 हॉर्सपॉवर! पहिल्याच वर्षी 32 हजारांच्या वर गाड्या खपल्या.

आणि ब्रेक? चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम. दीड टनाच्या त्या गाडीला पुढचे डिस्क ब्रेक मिळायला 1967 उजाडावं लागलं, तेही ऑप्शन म्हणून, जादा पैसे मोजून.

यात गोम काय आहे ते बघू. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते (अकरावीचं फिजिक्स, विसरला नसाल तर). ताशी 60 मैलांवरून वेग 100 मैलांवर नेला तर ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकला उष्णतेत बदलायची असते. ड्रम ब्रेकमध्ये शू आतल्या बाजूने ड्रमवर दाबले जातात. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून लांब जातो. लायनर तापला की त्याचं घर्षण कमी होतं. आणि हे सगळं एका बंद डब्यात चाललेलं, उष्णता बाहेर पडायला धड वाट नाही. पहिल्यांदा ब्रेक दाबला तर गाडी झकास थांबते, दुसऱ्यांदा बरी थांबते, चौथ्या-पाचव्यांदा पेडल खाली खाली जातं आणि गाडी आपल्याच तंद्रीत पुढे जात राहते. यालाच ब्रेक फेड म्हणतात. डिस्क मात्र उघड्या हवेत फिरते आणि लवकर थंड होते. जग्वारने 1953 साली डिस्क ब्रेक लावलेल्या गाड्यांनी ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली होती, म्हणजे जीटीओच्या आधी 11 वर्षं! तेव्हा डेट्रॉईटला माहीत नव्हतं असं म्हणायला अजिबात जागा नाही.

मग केलं का नाही? एक कारण सरळ आहे, पैसा. दुसरं जास्त मजेशीर. अमेरिकेत गाडीची इभ्रत ठरायची ती ड्रॅग रेसवर. पाव मैल, सरळ रस्ता, दोन गाड्या, कोण आधी पोचतो बस. पाव मैल म्हणजे फक्त 402 मीटर. त्यात वळण नाही, आणि थांबायचं ते निकाल लागल्यानंतर. मासिकांतल्या चाचण्या त्याच आकड्यांवर, जाहिराती त्याच आकड्यांवर, आणि वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री लागणाऱ्या पैजाही त्याच आकड्यांवर. (हा रस्ता आजोबांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. 1995 पासून तिथे दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते.) जे मोजलं जातं तेच सुधारतं, हे आम्हा आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. डेमोमध्ये दिसतं त्या फीचरला माणसं मिळतात, आणि बॅकअपमधून डेटा परत आणता येतो का हे तपासायला 'पुढच्या स्प्रिंटला बघू'. असो.

आता मस्टँगकडे येऊ. 17 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये ती लोकांपुढे आली. किंमत 2,368 डॉलरपासून पुढे. वर्षभरात चार लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. ली आयकोका रातोरात हिरो झाला. पण ही किंमत जमली कशी? कारण वरचा देखणा पत्रा सोडला तर खाली बरीचशी फोर्ड फाल्कन होती. फाल्कन म्हणजे 1960 मॉडेलची साधी, स्वस्त, नाकासमोर चालणारी गाडी. तिचीच हाडं मस्टँगला मिळाली. सहा सिलिंडरच्या मस्टँगला नऊ इंची ड्रम, व्ही-8 ला दहा इंची. मागे सरळसोट एकसंध ॲक्सल, आणि तो दोन बाजूंच्या पाट्यांवर बांधलेला. आपल्या ॲम्बॅसेडरला मागे जे पाटे असायचे, तीच जात.

पाट्यांवरच्या ॲक्सलची एक खोड आहे. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर आला की ॲक्सल उलट्या दिशेने पीळ खातो. पाटे मग इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, पुन्हा सुटतात, पुन्हा वाकतात, आणि चाक रस्त्यावर टणाटण उड्या मारायला लागतं. म्हणजे इंजिन जितकं दांडगं तितकी चाकाची रस्त्यावरची पकड जास्त सुटणार. शेव्हरोलेच्या 1967 च्या कमारोत तर दर बाजूला एकच पाटा होता आणि ती याच दुखण्यामुळे बदनाम झाली. 1968 ला शेव्हरोलेने मागच्या दोन शॉक ॲब्सॉर्बरपैकी एक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे बसवला, जोरदार मॉडेलना जास्त पानांचे पाटे दिले, तेव्हा कुठे ते आवरलं.

आता या गोष्टीतला माझा आवडता माणूस येतो, कॅरोल शेल्बी. टेक्सासचा गडी. एकेकाळी कोंबड्या पाळायचा, 1959 साली ल मान्स जिंकला, आणि हृदयाच्या दुखण्यामुळे 1960 नंतर शर्यती सोडून गाड्या बनवायला लागला. ('फोर्ड व्हर्सेस फेरारी' हा 2019 चा सिनेमा बघितला असेल तर मॅट डेमन आठवा.) मस्टँग खपत होती धो धो, पण शर्यतीच्या जगात तिला कोणी विचारत नव्हतं. सेक्रेटरीची गाडी म्हणून हिणवलं जायचं. तेव्हा फोर्डने शेल्बीला गळ घातली.

अमेरिकेतल्या हौशी शर्यतींची संस्था होती एससीसीए. तिचे जॉन बिशप यांनी अटी सांगितल्या. गाडी दोनच सीटची हवी. 1 जानेवारी 1965 पर्यंत तशा 100 गाड्या तयार हव्यात. आणि रस्त्यावरच्या गाडीपेक्षा शर्यतीच्या गाडीत एक तर इंजिन वेगळं ठेवा नाहीतर सस्पेन्शन, दोन्ही नाही. आता बघा गंमत. शर्यतीचं भडक इंजिन घातलेल्या 100 गाड्या सामान्य गिऱ्हाईक घेणार नाही, सिग्नललाच बंद पडतील. मग शेल्बीने ठरवलं की शर्यतीचे ब्रेक, सस्पेन्शन आणि ॲक्सल रस्त्यावरच्या गाडीलाच द्यायचे आणि इंजिन शर्यतीच्या गाडीत बदलायचं. म्हणजे एका नियमामुळे सामान्य माणसाला पहिल्यांदा अशी मस्टँग मिळाली जी पळण्याइतकीच थांबतही होती. नाव जीटी350.

केलं काय काय? पुढे सव्वाअकरा इंचांच्या आसपासचे डिस्क ब्रेक. मागे ड्रमच, पण फोर्डच्या स्टेशन वॅगनचे रुंद. पुढच्या सस्पेन्शनचा वरचा हात जिथे बॉडीला जोडलेला असतो तो सांधा एक इंच खाली. ही युक्ती फोर्डचा इंजिनियर क्लाउस आर्निंग याची. ऐकायला किरकोळ वाटते: जुन्या भोकांच्या एक इंच खाली दोन नवीन भोकं पाडायची, बस्स. पण त्यामुळे वळणावर गाडी कलली तरी बाहेरचं चाक रस्त्यावर सरळ उभं राहतं. एक इंच जाडीचा अँटी-रोल बार, कोनी कंपनीचे शॉक ॲब्सॉर्बर. मागे दणकट नऊ इंची ॲक्सल. पाट्यांचा तो पीळ रोखण्यासाठी ॲक्सलच्या वरून लांब पट्ट्या, आणि त्या पुढे न्यायला चक्क गाडीचा फ्लोअर कापलेला! डिफरन्शियलच्या जागी 'डेट्रॉईट लॉकर'. साधं डिफरन्शियल ज्या चाकाला पकड नाही त्यालाच गरागरा फिरवत बसतं, आणि लॉकर मात्र दोन्ही चाकांना एकत्र बांधून ठेवतो. इंजिनात मात्र किरकोळ बदल, 271 वरून 306 हॉर्सपॉवर.

14 फेब्रुवारी 1965 ला टेक्सासमधल्या ग्रीन व्हॅली ट्रॅकवर केन माइल्सने ही गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरवली आणि जिंकली. चारही चाकं हवेत असलेला त्या दिवशीचा फोटो आजही शेल्बीप्रेमींच्या गॅरेजमध्ये लावलेला असतो. आजोबांकडेही होता.

इथे गोष्ट संपली असती तर छानच होतं. पण 1965 मध्ये जीटी350 गाड्या बनल्या फक्त 562. किंमत साध्या मस्टँगच्या जवळजवळ दुप्पट. आणि लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या. लॉकर वळणावर खाडखाड वाजतो. गाडी कडक बसते. मागे सीट नाही, मुलांना बसवायचं कुठे? मग 1966 च्या गाड्यांत एकेक गोष्ट गळायला लागली. मागची सीट परत आली. लॉकर ऑप्शनल झाला. आधीचे उरलेले सुटे भाग संपले तसं ते एक इंच खालचं भोक पाडणंही बंद झालं. लोकांना शेल्बीच्या पट्ट्या आणि आवाज हवा होता, त्याच्या खालचं सामान नको होतं.

त्याच वर्षी हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने सुमारे 1,000 जीटी350 घेतल्या. लोक भाड्याने न्यायचे आणि घाबरायचे. कारण त्यांच्या ब्रेकमधलं शर्यतीच्या दर्जाचं घर्षण-साहित्य थंड असताना धड पकडत नसे, पेडलवर अक्षरशः उभं राहावं लागायचं. उपाय म्हणून डॅशबोर्डवर एक स्टिकर चिकटवला गेला. आशय असा की या गाडीला स्पर्धेचे ब्रेक आहेत, नेहमीपेक्षा जास्त जोर लागू शकतो. (बग नाही, फीचर आहे, असं ग्राहकाला स्टिकर लावून सांगणं तेव्हापासून आहे तर! :) )

या सगळ्यात आणखी एक गोष्ट होती जी शर्यतीत दिसत नाही आणि जाहिरातीतही दिसत नाही. 1966 पर्यंतच्या मस्टँगमध्ये ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी होता. म्हणजे चारही चाकांना एकाच कप्प्यातून ऑईल. एका चाकाची नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा सिलिंडर काही नवा शोध नव्हता. कॅडिलॅक आणि अमेरिकन मोटर्स 1962 पासून तो देत होत्या. पण बाकीच्यांनी दिला नाही, कारण त्यासाठी कोणी गाडी विकत घेत नव्हतं.

नोव्हेंबर 1965 मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' प्रसिद्ध झालं. पहिलं प्रकरण शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअरवर, तिच्या मागच्या सस्पेन्शनवर. पुढे एक साधा अँटी-रोल बार लावला असता तर वागणं सुधारलं असतं, आणि तो 1964 पर्यंत सर्व गाड्यांना दिला नव्हता. (नेडरचं सगळंच सगळ्यांना पटलं नाही. 1972 च्या सरकारी अहवालात ती गाडी तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असा निष्कर्ष निघाला. हेही सांगायला हवं.) पण जनरल मोटर्सने नेडरच्या मागे डिटेक्टिव्ह लावले, मार्च 1966 मध्ये कंपनीच्या अध्यक्षाला सिनेटपुढे माफी मागावी लागली, आणि सप्टेंबर 1966 मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा झाला. 1967 च्या मस्टँगला दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला. 1968 पासून तो सगळ्यांनाच सक्तीचा झाला. आज त्याबद्दल कोणी बोलतही नाही. चांगल्या ब्रेकचं नशीब हेच.

तर आजोबांच्या गॅरेजमध्ये मी हेच सगळं, उलट्या क्रमाने, हातात घेऊन बघत होतो. सगळ्यात आधी एकेरी मास्टर सिलिंडर काढून दोन कप्प्यांचा बसवला. मग पुढे डिस्क. नुसती डिस्क लावून भागत नाही. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असले की मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. मग ती दोन भोकं. आजोबांनी पत्र्याचा साचा जुन्या भोकांवर बोल्टने बसवला, दोनदा मोजलं, मग ड्रिल माझ्या हातात दिलं. 57 वर्षांच्या गाडीला भोक पाडताना माझा हात थरथरत होता. शेवटी जुना आठ इंची ॲक्सल निघून नऊ इंची आला. डेट्रॉईट लॉकर मात्र त्यांनी घातला नाही, मर्यादित घसरणारा साधा प्रकार घातला. मी विचारलं, लॉकर का नाही? तर म्हणाले, "ओल्या रस्त्यावर लॉकर नवख्या माणसाला फसवतो."

नवखा माणूस? तेव्हा कळलं. गाडी त्यांच्यासाठी नव्हतीच. त्यांची नात जूनमध्ये सोळा वर्षांची होणार होती. तिला ही गाडी हवी होती, आणि आजोबांनी शब्द दिला होता. म्हणाले, "ती जोरात चालवणार. मीही त्या वयात चालवली. ते काही मी थांबवू शकत नाही."

यावर मी काही बोललो नाही. मला पसरणी घाट आठवला. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी एक सेकंडहँड बाईक घेतली होती. दोन महिन्यांचे डब्याचे पैसे वाचवून तिला मोठा कार्ब्युरेटर आणि मोकळा सायलेन्सर लावला. पुढचा ब्रेक ड्रमचाच, लायनर कधी बदलला होता देव जाणे. महाबळेश्वरहून येताना मागे रूममेट बसलेला, घाट उतरताना लिव्हर हळूहळू हँडलला टेकायला लागला, आणि एका वळणावर गाडी थांबलीच नाही. डाव्या हाताला दरडीची माती होती म्हणून त्यात घुसलो. उजवीकडे दरी होती. मला खरचटलं, त्याचं खांद्याचं हाड मोडलं. त्याच्या आईने मला एका शब्दाने विचारलं नाही, उलट चहा दिला. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही. लायनरचा खर्च तेव्हा सायलेन्सरच्या दशांशही नव्हता.

मे महिन्यात गाडी स्टँडवरून उतरली. आजोबांनी मला शेजारी बसवलं आणि रविवारी पहाटे एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नेलं. ताशी 50 मैल आणि मग पूर्ण ब्रेक. एकदा, दोनदा, असं ओळीने आठ वेळा. आठव्यांदाही पेडल तिथेच आणि गाडी जवळपास त्याच जागी. खाली उतरून त्यांनी चारही चाकांजवळ हात नेऊन ऊब बघितली, वहीत काहीतरी लिहिलं, आणि म्हणाले, "आता तिला शिकवायला हरकत नाही."

ऑगस्टमध्ये मी परत आलो, त्यामुळे वुडवर्डची जत्रा हुकली. पण त्यांचा एक फोटो आला. नात स्टिअरिंगवर, आजोबा शेजारी, मागे गाड्यांची रांग. मस्टँगच्या मागे मी सहज नजर टाकली. फोर्डने मागचा तो एकसंध ॲक्सल मस्टँगमध्ये, मधली काही खास मॉडेल सोडली तर, 2014 पर्यंत ठेवला होता. पन्नास वर्षं! 2015 ला सगळ्याच मस्टँगना स्वतंत्र सस्पेन्शन आलं.

फोटोत डॅशबोर्डवर काहीतरी चिकटवलेलं दिसत होतं. मोठा करून बघितला. हर्ट्झच्या त्या स्टिकरची नक्कल. या गाडीच्या ब्रेकला जास्त जोर अजिबात लागत नाही, हे मला माहीत होतं, मी आठ वेळा बघितलं होतं. मी मेसेज केला, मग स्टिकर कशाला? आजोबांचं उत्तर आलं: "म्हणजे गाडीत बसताना दर वेळी तिची नजर ब्रेक या शब्दावर पडेल."